चरकानं ‘रडू दाबू नका’ म्हटलंय, तेही छापा की

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत आयुर्वेद आणि मनःस्वास्थ्य यावर अख्खं पान आलं होतं. वाचलं. आवडलंही आणि खटकलंही. आवडलं यासाठी की मनाच्या आजारावर आपल्याकडं अजूनही लोक दबक्या आवाजात बोलतात, तिथं तुम्ही पूर्ण पान दिलंत. खटकलं ते हे की पानभर ब्राह्मी, अश्वगंधा, शिरोधारा, सात्त्विक आहार, मधे डोळे मिटून बसलेल्या बाईचा फोटो आणि खाली चौकटीत ‘कोणतेही साइड इफेक्ट नाहीत’. मी अठ्ठावीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. वैद्य नाही, डॉक्टर तर नाहीच नाही, पण चरकसंहितेतले मनाबद्दलचे अध्याय मुळातून वाचलेत, हौस म्हणून नव्हे, घरातल्या आजारपणानं वाचायला लावले. पत्र लांबणार आहे, कात्री लावायची तर खुशाल लावा, फक्त सापाचा भाग तेवढा ठेवा.

माझ्या धाकट्या भावाला तेविसाव्या वर्षी स्किझोफ्रेनिया निघाला. आता तो पन्नाशीला आलाय, काम करतो, स्वतःच्या गोळ्या स्वतः घेतो, क्रिकेटवरून माझ्याशी भांडतो, म्हणजे बरा आहे असं आम्ही समजतो. त्याला विचारूनच हे लिहितेय. आजारपणाच्या तिसऱ्या वर्षी कुणा नातेवाइकांच्या ओळखीनं त्याला एका ‘आचार्यां’कडं नेलं होतं. त्यांनी नाडी धरली, डोळे मिटले आणि म्हणाले, या गोळ्यांनी मेंदू बधिर झालाय, आजपासून बंद, आपल्या शास्त्रात सगळं आहे. आईबाबांना ते पटलं, कारण त्यांना ते पटायला हवंच होतं, तीन वर्षं धड झोप नव्हती त्या दोघांना. काढा सुरू झाला, औषधी तूप सुरू झालं, पहाटे साडेचारला उठून ध्यान. पहिले पंधरा-वीस दिवस पोरगा खरंच तरतरीत दिसायला लागला, गोळ्यांची सुस्ती उतरली ना, आई सगळ्यांना फोन करून सांगत सुटली. आणि दोन महिने पुरे व्हायच्या आत आवाज परत आले, ध्यानाला बसला की जास्तच, डोळे मिटले की कुणीतरी कानाशी बोलतंय. पुढचं लिहीत नाही. अॅडमिट करावं लागलं आणि घडी परत बसायला वर्ष गेलं.

त्यानंतर मी चरक उघडला तो रागानं उघडला. म्हटलं बघूया तरी काय लिहिलंय त्यात की ज्याच्या जोरावर हा माणूस माझ्या भावाच्या गोळ्या बंद करतो. चुका काढायलाच बसले होते, खरं सांगते.

आणि पहिल्याच अध्यायात अडकले. सूत्रस्थानाच्या, म्हणजे ग्रंथाच्या पहिल्या भागाच्या, पहिल्या अध्यायात चरक म्हणतो की शरीराचे दोष तीन, वात पित्त कफ, आणि मनाचे दोष दोन, रज आणि तम. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या पुढच्या श्लोकात म्हणतो की शरीराचे दोष औषधांनी शमतात आणि मनाचे कशानं, तर ‘ज्ञानविज्ञानधैर्यस्मृतिसमाधिभिः’. ज्ञान, विज्ञान, धैर्य, स्मृती, समाधी. या यादीत एकही झाड नाही हो! मी तो श्लोक तीनदा वाचला. चरकानंतरच्या वाग्भटानंही अष्टांगहृदय या आपल्या ग्रंथात तेच म्हटलंय, ‘धीधैर्यात्मादिविज्ञानं मनोदोषौषधं परम्’, म्हणजे मनाच्या दोषांवर सगळ्यात वरचं औषध बुद्धी, धैर्य आणि स्वतःची नीट ओळख. तुमच्या पानावर एवढ्या वनस्पतींचे फोटो होते पण हे दोन श्लोक नव्हते. का नव्हते ते मला कळतं, धैर्याची बाटली भरता येत नाही आणि स्मृतीला जीएसटी नंबर मिळत नाही.

आता कुणी म्हणेल बाई मग औषध देतच नाहीत का, तर देतात. उन्माद म्हणजे वेड आणि अपस्मार म्हणजे फेफरं, यांना चरकानं चिकित्सास्थानात नववा आणि दहावा असे वेगळे अध्याय दिलेत, त्यात तुपं आहेत, नस्य म्हणजे नाकात घालायची औषधं आहेत, शोधन म्हणजे शरीराची शुद्धी आहे, सगळं आहे. म्हणजे त्याला हा फरक ठाऊक होता की एखाद्याला राग आवरत नाही ही एक गोष्ट आणि एखाद्याला नसलेलं ऐकू येतं ही दुसरी. उन्मादाची त्याची व्याख्याच बघा, मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा आणि आचार या आठ गोष्टींचा विभ्रम, म्हणजे गोंधळ. यात भक्ती म्हणजे देवळातली नव्हे, भक्ती म्हणजे आवड. ज्या माणसाला जे आवडायचं ते आवडेनासं होतं. हे वाचलं आणि मला भावाची क्रिकेटची बॅट आठवली, आजार कळायच्या सहा महिने आधी त्यानं ती शेजारच्या मुलाला देऊन टाकली होती आणि आम्ही म्हटलं वा, पोरगा उदार झाला.

मग निदानस्थानाचा सातवा अध्याय. तिथं एक गोष्ट आहे जी महाराष्ट्रात प्रत्येक देवस्थानाबाहेर लावायला पाहिजे असं माझं मत आहे. ‘नैव देवा न गन्धर्वा न पिशाचा न राक्षसाः’ अशी सुरुवात आहे, अर्थ असा की जो स्वतः आधी बिघडलेला नाही त्याला देव, गंधर्व, पिशाच, राक्षस कुणीही छळत नाहीत. आणि पुढं जाऊन म्हणतो की प्रज्ञापराधातून, म्हणजे आपली बुद्धी, धीर आणि आठवण ढळल्यामुळं हातून जे होतं त्यातून झालेल्या आजाराचा ठपका शहाण्यानं देवांवर, पितरांवर नाहीतर राक्षसांवर ठेवू नये. आता प्रामाणिकपणानं हेही सांगते की त्याच अध्यायात भुतांमुळं होणाऱ्या उन्मादाचा प्रकार आहे, ती कुठल्या वेळी धरतात असलीही वर्णनं आहेत. लपवण्यात अर्थ नाही. पण एवढं सगळं लिहून झाल्यावर त्याच हातानं तो हे दोन श्लोक लिहितो, याला मी मोठेपणा म्हणते. आपल्या राज्यात भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, डॉक्टरकडं जाण्यापासून अडवणं याविरुद्ध २०१३ साली कायदा करावा लागला. आणि मनोरुग्णाला साखळीनं बांधून ठेवतात ती मंडळी आपल्या परंपरेचंच नाव घेतात. परंपरेतला पहिल्या नंबरचा वैद्य काय म्हणतोय ते आधी वाचा म्हणावं.

मात्र प्रज्ञापराध या शब्दाचा आणखी एक वाईट उपयोग होतो, तो म्हणजे पेशंटलाच दोष देणं, तुझ्याच कर्मानं झालं, तुझ्याच विचारांनी झालं. माझ्या आईला एका बाईनं तोंडावर सांगितलं होतं की गरोदरपणात मन शांत ठेवलं नसणार तुम्ही. आई त्या रात्री जेवली नाही. तर असो.

आता शीर्षकातला मुद्दा. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात वेगांची चर्चा आहे, शरीराचे कोणते वेग अडवू नयेत ते. तेरा सांगितलेत. मूत्र, मल, शिंक, ढेकर, जांभई, भूक, तहान, झोप वगैरे, आणि त्यात एक आहे बाष्प. अश्रू! अश्रू अडवले तर सर्दी, डोळ्यांचे आजार, हृद्रोग, अन्नावरची वासना जाणं आणि चक्कर असं होतं म्हणतो, आणि त्यावर उपाय काय, तर झोप, मद्य आणि प्रिय गोष्टी, म्हणजे आवडत्या माणसांशी गप्पा. (मद्याबद्दल माझ्या भावाच्या डॉक्टरांचं मत वेगळं आहे, ते आम्ही मानतो.) पण गंमत पुढं आहे. त्याच अध्यायात लगेच सांगितलंय की काही वेग आवरायलाच हवेत, आणि त्या यादीत लोभ, शोक, भय, क्रोध, मान, निर्लज्जपणा, मत्सर हे सगळं आहे. म्हणजे शोकाचा वेग आवरा, पण अश्रूंचा आवरू नका. मी वर्गात असते तर पोरांनी हात वर केला असता की बाई हे उलटसुलट आहे. मला बरेच दिवस तसंच वाटलं. मग माझ्यापुरता अर्थ लावला तो असा, की दुःख झालं तर रडा, मोकळं रडा, ते शरीराचं काम आहे, पण त्या दुःखाच्या भरात घर विकू नका, कुणाला शिव्या घालू नका, जिवाचं बरंवाईट करू नका. डोळ्यांतलं पाणी वाहू द्यायचं आणि हातातलं काम आवरायचं. आम्ही घरोघरी नेमकं उलटं करतो. ‘पुरुषासारखा पुरुष, रडतोस काय’ म्हणून अश्रू दाबतो आणि राग मात्र मोकळा सोडतो, बायकोवर, पोरांवर, रिक्षावाल्यावर. भाऊ अॅडमिट होता त्या दिवसांत आमचे बाबा न्हाणीघरात नळ सोडून बसायचे. आम्हाला कळायचं. कुणी काही बोललं नाही, मीही नाही.

खाण्याचं म्हणाल तर ‘सात्त्विक आहार घ्या’ एवढ्यावर सगळे थांबतात. विमानस्थानात चरक म्हणतो की पथ्याचं अन्न, तेही मापात खाल्लेलं, पचत नाही जर खाणारा चिंता, शोक, भय, क्रोध यांनी ग्रासलेला असेल, झोपायची जागा धड नसेल किंवा जागरण होत असेल. म्हणजे ताटात काय आहे हा अर्धाच प्रश्न झाला. कांदा-लसूण सोडला आणि जेवताना समोर मोबाईलवर भांडणं बघतोय, तर त्या सात्त्विकपणाचं काय लोणचं घालायचंय? आणि झोप. त्याच्या मते शरीराचे तीन आधार, आहार, झोप आणि ब्रह्मचर्य. सुख-दुःख, बळ, ज्ञान-अज्ञान, इतकंच काय जगणं-मरणं झोपेवर अवलंबून असतं असा श्लोक आहे त्याचा, मी तो फळ्यावर लिहायचे दहावीच्या पोरांसाठी, परीक्षेच्या आदल्या महिन्यात. पालक तक्रार करायचे की बाई झोपायला सांगतात.

आता सापाचा भाग. आयुर्वेदाचं सगळंच कसं प्रेमळ, निसर्गाच्या कुशीतलं असं चित्र तुमच्या लेखात होतं म्हणून मुद्दाम सांगते. उन्मादाच्या अध्यायात चरकानं रुग्णाला घाबरवण्याचे उपाय दिलेत. दात काढलेला साप दाखवायचा, माणसाळवलेले सिंह आणि हत्ती अंगावर आणायचे, राजाच्या शिपायांनी धरून नेऊन ठार मारायची धमकी द्यायची, कारण जिवाची भीती सगळ्या भीतींपेक्षा मोठी, तिनं भरकटलेलं मन जागेवर येतं असा त्याचा तर्क. हे आज कुणी केलं तर तुरुंगात जाईल आणि जायलाच पाहिजे. त्या काळात इतरत्रही वेड्यांशी असं वागत, एवढंच त्याच्या बाजूनं म्हणता येईल. पण जे लोक म्हणतात की ग्रंथातलं प्रत्येक अक्षर त्रिकालाबाधित सत्य आहे त्यांनी आधी हा साप पकडून दाखवावा.

आणि याच अध्यायात, त्या सापाच्या जवळच, असा श्लोक आहे की वाचून मी पुस्तक मिटून बसले. आवडती वस्तू नाहीतर आवडतं माणूस गेल्यामुळं ज्याचं मन मोडलं असेल त्याला तशीच दुसरी गोष्ट मिळवून द्यावी, सांत्वन करावं, आश्वासन द्यावं आणि अशा रीतीनं शांत करावं. भीतीतून आलेला, शोकातून आलेला, मत्सरातून आलेला उन्माद असेल तर त्याच्या विरुद्ध भावनेनं तो उतरवावा. याला चरक सत्त्वावजय म्हणतो, मनाला अहितकर गोष्टींपासून आवरून धरणं. चिकित्सेचे तीन प्रकार सांगितलेत त्यानं, दैवव्यपाश्रय म्हणजे मंत्र-होम-उपवास, युक्तिव्यपाश्रय म्हणजे आहार आणि औषधांची योजना, आणि तिसरा हा. आजच्या काउन्सेलिंगशी त्याचं नातं आहे असं बरेच वैद्य म्हणतात, मला ते थोडं घाईचं वाटतं, पण दिशा तीच आहे. आणखी एके ठिकाणी तो म्हणतो की मनाच्या आजारावर जाणत्यांची संगत धरावी आणि स्वतःला, आपल्या देशाला, कुळाला, काळाला, बळाला, आपल्या शक्तीला ओळखावं. आपल्या बळाला ओळखावं, म्हणजे आज माझ्याच्यानं काय होईल आणि काय नाही होणार हे कळणं. माझ्या भावानं हे शिकायला पंधरा वर्षं घेतली आणि मला अजून जमलेलं नाही.

यासाठी वेळ लागतो, माणूस लागतो. म्हणून ते कुणी विकत नाही.

पुढं काही वर्षांनी आम्हाला एक वैद्यबाई भेटल्या. आयुर्वेदाच्याच. मी तर जायलाच तयार नव्हते, पण आईची पाठदुखी होती म्हणून गेलो आणि बोलता बोलता भावाचा विषय निघाला. त्यांनी पहिलं वाक्य काय म्हटलं असेल तर, गोळ्या चालू आहेत ना, मग त्या चालूच राहणार, अर्धी कमी करायची असेल तरी त्यांच्या सायकियाट्रिस्टना विचारून. मग तासभर त्याच्याशी बोलल्या, आमच्याशी नव्हे, त्याच्याशी. गोळ्यांनी वजन वाढलं होतं, पोट साफ होत नव्हतं, दुपारी झोप आणि रात्री टक्क जागा, त्यावर त्यांनी काम केलं, खाण्याच्या वेळा बांधल्या, जे औषध दिलं त्याचं नाव कागदावर लिहून दिलं की तुमच्या डॉक्टरांना दाखवा. ध्यानाबद्दल विचारलं तर म्हणाल्या सध्या नको, याचं मन आधीच आत फार बघतंय, संध्याकाळी चालायला जा आणि कुणीतरी बरोबर जा. आणि रात्री झोपताना तळपायाला तेल. वाग्भटानं अभ्यंग सांगताना डोकं, कान आणि पाय यांना विशेष करून तेल लावा म्हटलंय आणि त्याच्या फायद्यांत झोपही मोजलीय. ते तेल लावायचं काम बाबांनी घेतलं. बापलेकाचं धड बोलणं नव्हतं बरीच वर्षं, आणि रोज रात्री साडेनऊला बाबा पलंगाच्या पायथ्याशी बसून तेल चोळायचे, आधी उजवा पाय, मग डावा. तेलानं स्किझोफ्रेनिया बरा होत नाही. तो गोळ्यांनी आटोक्यात राहिला. पण त्या दहा मिनिटांत जे व्हायचं त्याला नाव द्यायचं तर मी सत्त्वावजय देईन, कुणाचा ते मात्र विचारू नका.

वनस्पतींबद्दल थोडं लिहायलाच हवं कारण तुमचा अर्धा लेख तोच होता. चरकानं मेध्य, म्हणजे बुद्धीला बळ देणारी, रसायनं म्हणून चार सांगितलीत, मंडूकपर्णीचा रस, ज्येष्ठमधाचं चूर्ण दुधातून, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क म्हणजे वाटलेला गोळा. अश्वगंधा त्या चौघांत नाही, ती त्याच्याकडं बल्य आणि बृंहणीय गणांत येते, म्हणजे ताकद आणि अंग भरण्यासाठी. ब्राह्मी म्हणाल तर आपल्याकडं दोन वेगळ्या वनस्पतींना ब्राह्मी म्हणतात, एक बॅकोपा मोनिएरी आणि दुसरी सेंटेला एशियाटिका, जी मंडूकपर्णी, तुमच्या लेखात वर्णन एकीचं आणि फोटो दुसरीचा होता, गोल पान म्हणजे मंडूकपर्णी. आणि साइड इफेक्ट नाहीत हे वाक्य तर कृपा करून परत छापू नका. अश्वगंधा घेतलेल्या काही लोकांच्या लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस जर्नल्समध्ये नोंदलेल्या आहेत, थायरॉईडवर तिचा परिणाम होऊ शकतो आणि झोपेच्या गोळ्यांबरोबर गुंगी वाढू शकते. २००८ साली अमेरिकेत इंटरनेटवरून मागवलेल्या १९३ आयुर्वेदिक औषधांची तपासणी प्रसिद्ध झाली, साधारण पाचातल्या एकात शिसं, पारा नाहीतर आर्सेनिक सापडलं.

सर्पगंधेची गोष्ट तुम्ही लिहिली असतीत तर मजा आली असती. ही आपल्या देशी वैद्यकातली जुनी मुळी, उत्तरेत तिला लोक पागलपणाची दवाच म्हणायचे. १९३१ साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेडावर आणि ब्लडप्रेशरवर तिच्या उपयोगाबद्दल पेपर लिहिला. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्लडप्रेशरवरचा आपला अनुभव ब्रिटिश जर्नलमध्ये छापला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा या औषध कंपनीत तिच्यातून रेसरपीन हे द्रव्य वेगळं काढलं आणि १९५४ मध्ये अमेरिकेत नेथन क्लाइन यांनी ते स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना दिल्याचं प्रसिद्ध झालं. म्हणजे मनोविकारांवरच्या आधुनिक औषधांच्या पहिल्या पिढीत आपलं एक झाड बसलंय! आणि गंमत म्हणजे ब्लडप्रेशरसाठी रेसरपीन घेणारे काही पेशंट उदास व्हायला लागले, त्यावरून मेंदूतल्या रसायनांचा आणि नैराश्याचा काही संबंध असावा या विचाराला जोर मिळाला. म्हणजे साइड इफेक्टमधूनसुद्धा विद्या वाढली, पण ती कधी, तर साइड इफेक्ट आहे हे कुणीतरी लिहून ठेवलं म्हणून.

कायद्याचंही लोकांना माहीत नसतं. १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज अॅक्टच्या परिशिष्टात ज्या आजारांवरच्या औषधांची जाहिरात करायला बंदी आहे त्यांत मेंदूचे विकार, अपस्मार, हिस्टेरिया आणि वेड हे सगळं येतं. तुमच्याच पेपरात शेवटच्या पानावर छोट्या जाहिराती असतात त्या जरा वाचून बघा, मी नाव घेत नाही. दुसरं म्हणजे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मेंटल हेल्थ प्रोफेशनल कोण याची व्याख्या आहे, त्यात ‘मनोविज्ञान एवं मानसरोग’ या विषयात आयुर्वेदाची पदव्युत्तर पदवी घेतलेले वैद्यही धरलेत. म्हणजे आयुर्वेदातून मनाचा उपचार करून घ्यायचा असेल तर विचारायला साधा प्रश्न आहे, तुमची पदवी या विषयातली आहे का. नाडी बघून डोळे मिटणाऱ्यांना तो जरूर विचारावा. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेनं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत असं आलं होतं. एवढी माणसं बाहेर उभी असताना अॅलोपॅथी की आयुर्वेद म्हणून आपण दारातच कुस्ती खेळतोय.

अध्यात्माचं राहिलं. तुमच्या लेखात ते शेवटच्या परिच्छेदात फोडणीसारखं वरून घातलं होतं, आत्मिक शांती वगैरे. चरकाच्या शारीरस्थानात पहिल्या अध्यायात रेशमाच्या किड्याचा दृष्टांत आहे. किडा जसा आपल्याच मरणाचे धागे स्वतःभोवती गुंडाळत जातो तसा अज्ञ माणूस विषयांमधून तृष्णा ओढून घेतो, आणि ही तृष्णाच दुःखाचं मूळ. योग आणि मोक्ष या दोनच ठिकाणी सगळ्या वेदना थांबतात असंही पुढं म्हणतो. हे फार उंचीचं आहे, मला त्यात बोलायचा अधिकार नाही. पण एक लक्षात आलं की हे सगळं सांगणारा माणूस त्याच ग्रंथात उलटी कशी थांबवायची, तूप किती शिजवायचं हेही तितक्याच मन लावून सांगतो. मोक्ष सांगितला म्हणून जुलाबाचं औषध सांगायचं सोडलं नाही त्यानं. ‘ध्यान करा, गोळ्या सोडा’ म्हणणाऱ्यांना हे कुणी सांगावं. सुश्रुताची निरोगी माणसाची व्याख्या प्रसिद्ध आहे, दोष, अग्नी, धातू, मल सगळं सम आणि वर आत्मा, इंद्रियं, मन प्रसन्न. व्हॉट्सअॅपवर ती ‘डब्ल्यूएचओच्या आधी आम्हीच’ म्हणून फिरते. ठीक आहे, आधी तर आधी, पण घरात कुणी महिनाभर हसलेलं नाही तर त्याला प्रसन्न नाही म्हणजे आजारी असू शकेल, चला दाखवून येऊ, असं म्हणणारे त्यातले किती निघतात?

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या वेळी असं पान काढाल तेव्हा एखाद्या मानसरोगाच्या वैद्याला आणि एका सायकियाट्रिस्टला एकत्र बसवून काढा, ब्राह्मीचा फोटो बदला, आणि चौकटीत जाहिरातीच्या भाषेऐवजी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर द्या, १४४१६. सरकारी आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे.

आपली,
एक निवृत्त संस्कृत शिक्षिका

ता. क. पाठवायच्या आधी भावाला पत्र वाचून दाखवलं. सापाला तो एवढा हसला की चहा सांडला. म्हणाला, ‘ताई, तेव्हा सिंह आणला असतात तर मी त्याच्याशीपण बोललो असतो.’ मग बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, एक चूक आहे तुझी, बाबा आधी डावा पाय घ्यायचे.